चौथ्या जागेचं पाणी

"बाई, ही बाटली नळावर भरलीत का?"

साहेबांनी हे इतक्या सहज विचारलं, की आपल्यावर आळ येतोय हे मला आधी कळलंच नाही. प्रयोगशाळेत आम्ही त्यांना पाठीमागे 'दशांश' म्हणतो, कारण त्यांचं सगळं आयुष्य टिंबाच्या उजवीकडे जातं. त्यांच्यासमोर माझी वही उघडी होती आणि त्यांचं बोट एका आकड्यावर रुतून बसलं होतं.

"जागा तीन, एकशे अठ्ठेचाळीस. बरोबर. जागा चार, सात. सात, बाई! नुसता सात! मागच्या महिन्यात एकशे सेहेचाळीस होता, त्याच्या मागच्या महिन्यात एकशे एक्कावन्न."

"सात आला म्हणून सात लिहिला."

"सात येईलच कसा? कंटाळा आला असेल, उन्हं असतील, वाटेत नळ दिसला असेल. माणूस आहे, होतं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. माझा स्वभाव तसा तापटच आहे, नवरा म्हणतो की मला आधण ठेवावं लागत नाही. पण त्या दिवशी राग रास्त होता. अकरा वर्षांत मी एकदाही, आजारी असतानासुद्धा, नळावर बाटली भरलेली नव्हती. तसं मी साहेबांना ऐकवलं, तेही शेजारच्या खोलीतली तराजूची काच थरथरेल अशा आवाजात.

माझं काम सोपं आहे, म्हणजे सांगायला सोपं. शहराचा मोठा नाला आणि जुनं प्लास्टिक धुऊन त्याचे दाणे करणाऱ्या कारखान्याचं पाणी एकत्र होतं, रस्त्याच्या पुलाखालच्या मोरीतून दलदलीत शिरतं आणि दलदलीतून पुढे तळ्यात उतरतं. महिन्यातून एकदा मी त्या वाटेवर ठरलेल्या जागी बाटल्या भरते. त्या पाच दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या आणि पाण्यातली घाण खायला जीवजंतूंनी किती प्राणवायू संपवला ते मोजायचं. आकडा मोठा म्हणजे घाण जास्त. जागा तीन म्हणजे दलदलीत शिरतानाचं पाणी, जागा चार म्हणजे दलदलीतून बाहेर पडतानाचं. दोन्हींत फरक पडला तर दलदल काहीतरी काम करते. नाही पडला, तर तो नुसता चिखल. आणि अकरा वर्षं फरक पडला नव्हता.

म्हणूनच तर हा सात सगळ्यांना टोचत होता. कारखान्याने दलदलीची जमीन मागितली होती. भराव टाकायचा आणि त्यावर कचरा वेगळा करायचं मोठं केंद्र बांधायचं. काम वाईट नव्हतं. आज जे प्लास्टिक जाळतात, पुरतात, ते सगळं तिथे नव्याने वापरात आलं असतं. त्यांच्या अर्जाच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'सदर पाणथळ जैविकदृष्ट्या मृत असून पाणी शुद्ध होण्यात तिचा कोणताही वाटा नाही.' त्याला आधार म्हणून खाली माझ्या एकशे बत्तीस अहवालांचे क्रमांक. सुनावणीला नऊ दिवस उरले होते. समितीने हो म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून मातीच्या गाड्या सुरू.

"पुन्हा भरून आणा," साहेब म्हणाले. "आणि या वेळी नीट."

मी तरातरा खाली गेले. गाडीवाले काका सावलीत गाडी लावून आत पाय लांब करून बसले होते. गेली चौदा वर्षं तेच गाडी चालवतात आणि त्यातली निम्मी सावलीत.

"काका, मागच्या वेळी चार नंबर आपण कुठे भरला?"

"पलीकडून, ताई. पुलाचं काम चालू होतं, रस्ता बंद. मग तळ्याच्या अंगाने वळसा घालून नाही का गेलो? तुम्हीच म्हणालात, उतरतेच आहे तर चार इथेच भरून घेते. तीन परतताना भरला, मोरीवर."

"आणि एरवी कुठे भरतो?"

स्वतःच्या घराचा पत्ता विचारणाऱ्या माणसाकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. "एरवी मोरीपाशीच की. तीन पुलाच्या अलीकडे, चार पुलाच्या पलीकडे."

अलीकडे आणि पलीकडे. मध्ये एका पुलाची रुंदी. दोन गाड्या जेमतेम बाजूबाजूने जातील एवढी.

 मी पुन्हा वर गेले आणि कपाटाच्या तळातून जुनी नोंदवही काढली. माझ्या आधी हे काम करणाऱ्या गृहस्थांचं अक्षर मोत्यासारखं. 'जागा चार : दलदल ओलांडून पलीकडच्या काठाला, पाणी तळ्यात उतरतं तिथे. फळ्यांवरून चालत जावे, अर्धा तास.'

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी तशी जातही होते. चार-पाच वेळा तरी गेले असेन. मग सातवा महिना लागला. ओल्या, हलत्या फळ्यांवरून पोट सांभाळत जायची माझी हिंमत होईना आणि काकांचीही मला पाठवायची होईना. "ताई, इथूनच भरा," ते म्हणाले होते. "पाणी तर तेच. इकडून गेलं काय, तिकडून गेलं काय." मला ते पटलं, कारण मला ते पटायला हवं होतं. वर्ष संपताना बाळंतपणाची रजा लागली. अकरा वर्षांपूर्वी रजेनंतर परत आले तेव्हा फळ्या सडल्या होत्या, घरी तान्ही मुलगी होती, आणि मोरीपाशी बाटली भरायला एक मिनिट लागत होतं. पुढे तर ती जागा बदललेली आहे हेच माझ्या डोक्यातून गेलं. विसरले म्हणणं सोपं आहे. खरं असं, की मी आठवायचा कधी प्रयत्न केला नाही.

एकशे बत्तीस अहवाल. त्या बाळंतपणाआधीच्या अहवालांत फरक दिसत होता का, म्हणून मी घाईघाईने मागची पानं उलटली. त्या वर्षाचे किंवा त्याआधीचे आकडे तिथे नव्हतेच, त्या काळी तपासणी दुसरीकडे व्हायची आणि ती कागदपत्रं कार्यालय हलवताना गेली होती. म्हणजे दलदलीबद्दल जगात जे काही लिहून ठेवलेलं होतं, ते सगळं माझं होतं. आणि तिचं मरण मी तिच्या दारात उभी राहून लिहिलं होतं, आत न जाता.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि मी दलदलीत उतरलो. मी त्यांना फक्त एवढंच सांगितलं होतं, की मोरीपासून तळ्यापर्यंत सोळा ठिकाणी बाटल्या भरायच्या, चालत. कोठारात कमरेपर्यंतचे रबरी बूट होते, आले तसे पिशवीत बंद. काकांनी खोली बघायला लांब काठी घेतली, कमरेला दोरी बांधली, दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेला, आणि नाकाला रुमाल.

"दोघं बुडालो तर निदान एकत्र सापडू," ते रुमालातून म्हणाले.

पहिली बाटली मोरीच्या तोंडाशी भरली. हे पाणी माझ्या ओळखीचं. काळं, वर साबणाचा फेस, त्यात निळ्या-तांबड्या प्लास्टिकच्या नखाएवढ्या कपच्या. वास असा की डोळ्यांत पाणी यावं. तिथून पुढे पाणकणसांचं रान सुरू होत होतं, माझ्या डोक्याच्या वर हातभर. मी अकरा वर्षं ती हिरवी भिंत बघत होते आणि तिला भिंतच समजत होते.

आत शिरलो आणि पहिल्याच रांगेत थांबावं लागलं. प्रत्येक देठाला कपच्यांचं कडं बसलं होतं. एकावर एक, पाणी जिथवर चढलं-उतरलं तिथवर. कुणीतरी बसून हाताने लावावं तसं. दुसऱ्या रांगेत कडी बारीक झाली होती, पाचव्या-सहाव्या रांगेनंतर पाण्यावर एकही कपची नव्हती. आमच्याकडे हेच काम करायला जाळीचं एक यंत्र आहे. ते महिन्यातून दोनदा बिघडतं.

तिसऱ्या बाटलीला मी हातमोजा काढला. तसं करू नये, मी स्वतः नव्या मुलींना त्यावरून ओरडते. पण मला हात लावून बघायचंच होतं. पाण्याखाली देठाला बोटं लावली तर बुळबुळीत, जाड साय हाताला लागली. प्रत्येक देठाला, प्रत्येक मुळाला, सगळीकडे. ते होते माझे जीवजंतू. ज्यांनी प्राणवायू किती संपवला हे मोजण्यात माझा जन्म गेला, त्यांची नि माझी ही पहिली भेट. मी त्यांना कायम बाटलीत बंद करून, अंधारात ठेवून भेटत आले होते. इथे ते आपल्या घरी होते आणि जेवत होते.

"ताई, काय झालं?" काका म्हणाले.

"काही नाही. हे बघा ना, हात लावा."

त्यांनी लावला. "शेवाळ आहे."

"शेवाळ नाही हो काका. हेच सगळं खातंय."

पाचव्या बाटलीला त्यांनी रुमाल काढून खिशात घातला. आपण रुमाल काढला हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही. मी मुद्दाम खोल श्वास घेतला. ओल्या मातीचा वास येत होता, बस्स.

पाणी आता कोऱ्या चहाच्या रंगाचं झालं होतं. पायाखाली गाळ नव्हता, मुळांची गादी होती, पाय ठेवला की दबायची आणि उचलला की वर यायची. मधून मधून तिच्यातून बुडबुडे सुटत. काकांनी एक वाळकं पान पाण्यावर सोडलं. ते पुढे सरकतंय की नाही हे कळायला आम्हाला बराच वेळ उभं राहावं लागलं. मोरीतून एवढ्या जोरात धावत आलेलं पाणी इथे आल्यावर चालायचं विसरलं होतं. दलदल त्याला पुढे जाऊच देत नव्हती, आधी हात धुऊन घे म्हणत होती, जशी मी माझ्या मुलीला म्हणते.

आठव्या बाटलीला गोगलगाई दिसल्या. अकराव्याला पाण्यावर चालणारे किडे आणि बेडकांची पिल्लं. तेराव्याला बोटाएवढे मासे माझ्या बुटांभोवती जमले, नवीन काय आलंय ते बघायला. तोवर आम्ही दोघं कुजबुजत बोलायला लागलो होतो. मोठ्याने बोलायला कुणी मनाई केली नव्हती. पण कामात असलेल्या माणसाच्या खोलीत आपण जसं आवाज खाली करतो, तसं झालं. आणि कामात होतं कोण? गवत, चिखल, किडे. कुणी त्यांना नेमलं नव्हतं, कुणाची देखरेख नव्हती. माझ्या अंगावर काटा आला, आणि तो गेला नाही, बराच वेळ राहिला.

पंधराव्या बाटलीला पाणी मांडीपर्यंत होतं. मी खाली बघितलं तर बुटाच्या पंजावरचा शिक्का मला वाचता येत होता. अक्षरन् अक्षर.

"ताई," काका कुजबुजले, "हे तेच पाणी?"

"तेच."

"मोरीतलं?"

"मोरीतलं, काका."

त्यांनी काठी पाण्यात बुडवून तिचं टोक बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "मी तुम्हाला म्हणालो होतो ना तेव्हा, पाणी तर तेच म्हणून." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांना आठवत होतं. मी त्यांना म्हटलं की तुम्ही सांगितलंत, पण भरलं मी. ते खरंच होतं.

बाहेर आल्यावर सोळा बाटल्या आम्ही गाडीच्या टपावर ओळीने मांडल्या, बर्फाच्या पेटीत घालायच्या आधी. डावीकडे शाईसारखी काळी, मग तपकिरी, मग पिवळसर, मग फिकट, आणि उजवीकडच्या शेवटच्या बाटलीतून पलीकडचं तळं दिसत होतं. मी कसंबसं रडू आवरलं. खरं सांगायचं तर नाही आवरलं.

पाच दिवसांनी कपाट उघडलं. एकशे अठ्ठेचाळीस, एकशे एकोणतीस, एकशे दोन, एक्क्याऐंशी, असे आकडे पायरी पायरीने उतरत गेले. सोळाव्या बाटलीचा आला सात. मी वही साहेबांपुढे ठेवली आणि मोरीची, पोटाची, फळ्यांची सगळी गोष्ट सांगितली. ओरडले नाही. ओरडायला तोंडच नव्हतं.

साहेबांनी सोळा आकडे दोनदा वाचले. मग चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचले. "सुंदर," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी आजवर ऐकला नव्हता. "काय उतरतंय बघा, बाई. कुठे एक उडी नाही." मग चष्म्याबरोबर त्यांची नोकरीही परत डोळ्यांवर आली. "आता असं करा. जुन्या अहवालांना हात लावू नका. ही नवी जागा दाखवा, 'चार-अ'. या महिन्यापासून सुरू. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि सुनावणीत?"

"नवा आकडाही ठेवू ना त्यांच्यासमोर."

"एकशे बत्तीस महिने मेलेली आणि एक महिना जिवंत. साहेब, तुम्ही समितीत असता तर काय म्हणाला असतात?"

 त्यांनी टेबलावरची टाचणी उभी-आडवी करून बघितली. "नळाचं पाणी म्हणालो असतो," शेवटी त्यांनी कबूल केलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नोकरी जाईल?" मी म्हटलं, बहुतेक जाणार नाही, पण नाव जाईल. तो म्हणाला, "नाव तुझं आहे, तू बघ. पण उद्या मुलगी विचारेल तेव्हा तिला सांगताना माझ्याकडे बघू नकोस." मी त्याला म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, एवढं सोपं नसतं. मग खोलीत जाऊन जुने अहवाल रद्द करायचा अर्ज लिहायला बसले.

सुनावणीच्या खोलीत लांब टेबल होतं, मध्यभागी अध्यक्षबाई, एका बाजूला कारखान्याचा इंजिनिअर आणि दुसऱ्या बाजूला आम्ही. इंजिनिअर चांगला माणूस होता. त्याने केंद्राचे नकाशे दाखवले आणि दरवर्षी किती प्लास्टिक वाचेल ते सांगितलं, त्यात एक शब्द खोटा नव्हता. मग माझं नाव पुकारलं गेलं.

मी उभी राहिले. सोळा बाटल्या, तशाच पुन्हा भरून आणलेल्या, टेबलावर ओळीने मांडल्या. मग सांगितलं, की जागा चारचे माझे एकशे बत्तीस अहवाल चुकीचे आहेत, आकडे बरोबर पण जागा चुकीची. दलदलीचं बाहेर पडणारं पाणी म्हणून मी अकरा वर्षं तिच्यात शिरणारं पाणीच मोजलं. ते सगळे मी रद्द करायला देते आहे. का झालं तेही सांगितलं. सातव्या महिन्याचं ऐकून कुणीतरी हसलं, अध्यक्षबाई हसल्या नाहीत.

"मग अकरा वर्षं आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला तो कशावर?" इंजिनिअरने विचारलं. रागाने नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

"माझ्या सहीवर," मी म्हटलं. "सही माझीच आहे. चूकही."

बाटल्या हातोहात फिरल्या. शेवटची बाटली इंजिनिअरच्या हातात आली तेव्हा त्याने ती उजेडाकडे धरली आणि धरूनच ठेवली. शेजारच्याने मागितली तरी त्याने दिली नाही. "हे आमचंच पाणी?" त्याने विचारलं. मी मान हलवली. खोलीत सगळ्यांनी आवाज खाली केला होता, दलदलीत आम्ही केला होता तसा.

मग अध्यक्षबाईंनी विचारलं, "दिवसाला किती घाण खाते ही?"

तो हिशेब माझ्याकडे तयार होता. "मोरीतून रोज चाळीस लाख लिटर पाणी येतं. मोरीचा आणि तळ्याचा आकडा धरला तर, जी घाण संपवायला पाचशे चौसष्ट किलो प्राणवायू लागेल, तेवढी घाण ती रोज संपवते."

साहेबांनी माझ्या शेजारी मान डोलावली. टिंबाच्या उजवीकडचं मी सोडलं होतं, तेही त्यांनी चालवून घेतलं.

"रोज?"

"रोज. सुटी नाही."

अध्यक्षबाईंनी ते कागदावर लिहिलं. मग त्याखाली गुणिले तीनशे पासष्ट, गुणिले अकरा असं लिहून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "म्हणजे या अकरा वर्षांत एकूण किती झालं?"

गुणाकार सोपा होता, शाळेतल्या मुलीलाही आला असता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. एवढं मोठं, की ते ऐकून दलदल भरायचं नाव तिथे कुणी काढलं नसतं.

"ते सांगता येणार नाही," मी म्हटलं.

"का?"

"तिने केलं असेल. केलंच असेल, असं मला वाटतं. पण ते मोजायला मला नेमलं होतं, आणि मी मोजलं नाही. आता ते कुणालाच कधी कळणार नाही."

 अध्यक्षबाईंनी गुणाकारावर एक रेघ मारली आणि खाली लिहायला सुरुवात केली. एक वर्षभर दर आठवड्याला सोळाही जागी तपासणी, दुसऱ्या माणसाकडून. तोवर मातीची एकही गाडी नाही. लिहून झाल्यावर शेवटी जुने अहवाल रद्द झाल्याची ओळ घालून त्यांनी कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा मी त्या दलदलीच्या नावाखाली खरी सही केली.